रातच्या कार्यक्रमाचं घड्याळ

कळसच्या प्रयागबाईनं उभ्या जन्मात दुकानात जाऊन स्वतःसाठी म्हणून दोनच वस्तू पसंत केल्या होत्या. एक कात्री, एक घड्याळ. बाकीचं सगळं दुसऱ्यांनी पसंत केलेलं. लुगडी सासूनं, नवरा बापानं आणि घराचं दार कुठल्या तोंडाला ठेवायचं ते भटजीनं.

कात्री द्राक्षाची. लांब चोचीची, बगळ्यासारखी. द्राक्षाचा घड दाटला की त्यातले जादा मणी एक एक करून कापून काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना जागा मिळते आणि ते फुगतात. ह्याला विरळणी म्हणतात. दिसायला पोरखेळ, पण मान वर करून दिवसभर हात चालवायचा म्हणजे रात्री भाकरीचा तुकडा मोडताना बोटं ऐकत नाहीत. एक मणी चुकीचा कापला तर घड भोकसा, मधेच भोक पडल्यासारखा दिसतो, आणि भोकशा घडाला बाहेरचं गिऱ्हाईक हात लावत नाही. प्रयागबाईचा हात असा, की तिनं सोडलेला घड बघून व्यापारी म्हणायचे, “ही कळसच्या टोळीची बाग.” बावीस बायकांची टोळी होती तिच्या हाताखाली. इंदापूर तालुक्यात कुणाच्या बागेत आधी जायचं हे बागवाले ठरवत नसत, प्रयागबाई ठरवायची.

आणि घड्याळ. त्याची कथा वेगळी.

वीसेक वर्षांमागं सणसरच्या अंगाला एका बागेत टोळी जायची. त्या बागेत घड्याळ एकच, मालकाच्या मनगटावर. ते घड्याळ मोठं गुणाचं. सकाळी पुढं पळायचं, संध्याकाळी मागं राहायचं. बायका वेळेवर आल्या तरी “उशीर झाला गं” आणि दिवस कलला तरी “अजून टायम हाय.” असलं घड्याळ जगात एकच कंपनी काढते, मालक कंपनी. प्रयागबाईनं चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी इंदापूरच्या बाजारात गेली आणि काळं, जाडजूड, आकड्यांचं, रबरी पट्ट्याचं गड्याचं घड्याळ मनगटाला बांधून आली.

संध्याकाळी मालक म्हणाला, “साडेपाच वाजाया हायत अजून.”

तिनं हात वर केला. “पाच पन्नास झाल्यात मालक. वीस मिन्टं तुमी खाल्ली. पचली का?”

बावीस कात्र्या एकदम खाली आल्या. त्या दिवसापासून तिचं नाव घड्याळवाली पडलं. नवरा चिडला. म्हणाला, “गावात मला त्वांड दावाया जागा ठिवली न्हाईस.” प्रयागबाई म्हणाली, “त्वांड दावू नगा. पाठ दावा.”

पुढं नवरा गेला. अकरा वर्षं झाली. मोटर चालू करायला म्हणून गेला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला. दारात बायका जमल्या. कपाळ पुसलं, डोरलं काढलं, दगडावर हात ठेवून बांगड्या फोडल्या. प्रयागबाईनं सगळं करू दिलं. मग कुणीतरी, बहुतेक चुलत नणंद असावी, तिच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडायला गेली. तेव्हा एवढा वेळ मेल्यासारखा पडलेला हात झटक्यासरशी मागं आला.

“ह्याला हात लावायचा न्हाय. ह्ये त्येंनी घातल्यालं न्हाय. ह्ये माझं हाय.”

प्रेताच्या समोर असं बोलली म्हणून गावानं वर्षभर चघळलं. चघळून चघळून चोथा झाला, मग थुंकलं.

तर अशी ही बाई. आणि यंदा भाद्रपदात हिच्या दारात सत्काराचं पत्र आलं.

पत्र घेऊन संदेश आला. तालुक्यातल्या फळबागवाल्यांचं एक मंडळ होतं, त्याचा हा सेक्रेटरी. अंगावर इस्त्रीचे कपडे, तोंडात साखर. प्रयागबाई ओट्यावर लसूण सोलत होती. धाकटा दीर सावळाराम, ज्याला सगळं गाव तात्या म्हणायचं, तो खाटेवर बसला होता. सून वृषाली आत चहा ठेवत होती, आणि तिची सात वर्षांची छकुली पत्रावरचं सोनेरी चित्र बोटानं खरवडत होती.

“मावशी, कार्यक्रम एकदम टापटीप हाय,” संदेश म्हणाला. “बारामतीत, एमआयडीसीच्या रस्त्याला मोठ्या हाटेलचा हॉल. संध्याकाळी सातला. द्राक्षं घ्यायला येणारं बाहेरचं पावणं असत्याल, समदी सुटाबुटातली. जेवान बी खुर्चीवर बसून.”

“मंग आमी काय झाडावर बसून जेवतो?”

संदेश हसला. चहा आला, त्यानं बशीत ओतला, फुंकला आणि मग खरं काय ते काढलं. “एक इनंती हुती. पाच बायांचा सत्कार हाय. अध्यक्षांच्या मंडळी, चंद्राबाईसाहेब, त्येंच्या हातनं. आधी ओटी भरायची, मंग मानचिन्ह. तर तुमचं जरा... म्हंजी तुमाला कळतंयच.”

“मला काय बी कळत न्हाय. तोंडानं सांग.”

“ओटी सवाष्णीची भरत्यात, मावशी. बाईसाहेब जुन्या वळणाच्या हायत. म्हणून म्हणलं, स्टेजवर सूनबाईला धाडा. नाव तुमचंच पुकारतो. तुमी खाली पुढच्या रांगेत बसा, मानाच्या खुर्चीवर.”

सावळाराम लगेच म्हणाला, “बराबर हाय की. मान घरातच ऱ्हातोय. सासूनं घेटला काय, सुनंनं घेटला काय.”

प्रयागबाईनं लसणाची पाकळी सोलून पातेल्यात टाकली. “संदेश, विरळणी कुणी केली?”

“तुमीच.”

“टोळी कुणाची?”

“तुमचीच की.”

“आन वृषालीला घड तरी धराया येतोय का?”

आतून वृषाली म्हणाली, “न्हाय बा. मी एकदा गेल्ते, मालकानं दुपारीच घरी लावून दिलं.”

“ऐकलंस? मंग ती स्टेजवर जाऊन काय करंल, च्या वतंल? मी येनार. माझं नाव, माझं पाय, माझं हात. लिहून घे.”

संदेशनं खिशाला पेन असूनही लिहून घेतलं नाही. “बघू, बघू” करत बशी खाली ठेवून गेला. जाताना वृषालीकडं मात्र एक नजर टाकून गेला, आणि ती नजर प्रयागबाईनं बघितली.

तो गेल्यावर सावळाराम खाटेवर पुढं सरकला. माणूस वाईट नव्हता. लोकांच्या जिभेला भ्यायचा, एवढंच. “वैनी, तुमी हट्टाला पेटलाय तर पेटा. पर तसं बोडकं मनगट घिऊन चार लोकांत जाऊ नगा. आईची सोन्याची एक बांगडी हाय पेटीत. ती घाला एका हातात. शोभून दिसंल, आन कुणी नावं बी ठिवणार न्हाय.”

“ती एक बांगडी म्हंजी काय ठावं हाय का, भाऊजी? पाटी हाय ती. ‘हिचा नवरा मेलाय’ अशी सोन्यात लिवल्याली पाटी. बघणारा बांगडी बघतोय आन त्याला तुमचा भाऊ आठवतोय. मी कुठं आठवते त्यात?”

“मंग त्ये रबरी डबडं घालून जाणार? फवाऱ्याचं डाग पडल्यात त्याच्यावर. सुटाबुटातली माणसं हसत्याल.”

हे मात्र सावळाराम खरं बोलला होता. प्रयागबाईनं मनगट उलटंपालटं करून बघितलं. काचेवर चरे पडले होते, आकडे बघायला उन्हात तिरकं धरावं लागायचं. बागेत ते लाख मोलाचं. पण बैल कितीही गुणी असला तरी नवरदेवाला मिरवायला घोडाच लागतो.

“न्हाय,” ती म्हणाली. “नवं घेनार. रातच्या कार्यक्रमाचं.”

“रातच्या कार्यक्रमाचं म्हंजी? घड्याळात दिवसाचं आन रातचं असतंय व्हय?”

“लुगड्यात असतंय, मंग घड्याळात का नसावं?”

सावळारामनं टोपी झटकून परत डोक्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना एसटीनं बारामतीला गेल्या. भिगवण चौकात उतरून वृषालीनं सासूला एका मोठ्या दुकानात नेलं. सगळीकडं काच. आत गार हवा. एवढी घड्याळं आणि प्रत्येकात एकच वेळ, दहा वाजून दहा मिनिटं. प्रयागबाई दारातच थबकली.

“समदी बंद हायत का काय गं?”

“दाखवायची असत्यात, आत्या. नीट दिसावीत म्हणून काटं तसं लावत्यात.”

“म्हंजी इथं बी मालकाचाच टायम.”

काउंटरमागं प्रतिक्षा नावाची पोरगी होती, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र. मालक नागेशशेठ गल्ल्यावर. प्रयागबाईचं नऊवारी लुगडं आणि पायातल्या चपला बघून त्यांनी प्रतिक्षाला डोळ्यानंच खालचा कप्पा दाखवला. त्या कप्प्यात बायकांची घड्याळं होती. सोनेरी साखळीची, चिंचोक्याएवढी, कडेनं खडे लावलेली.

प्रतिक्षानं एक काढलं. प्रयागबाईच्या मनगटावर ते अर्ध्यातच अडकलं. वीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईचं मनगट ते, उसाच्या कांड्यासारखं. साखळीची कडी जुळेना. दुसरं जुळलं, पण हातात खुळखुळायला लागलं.

प्रयागबाईनं हात हलवून ऐकलं. “घड्याळ हाय का बांगडी?”

“बांगडीसारखंच असतं मावशी. लेडीज आता असंच घालतात.”

“बांगडी फोडून झालीया माझी. दुसरं दाव.”

नागेशशेठ गल्ल्यावरून म्हणाले, “मावशी, देवळात घालायला पाहिजे का लग्नाला? साधं एक देतो, भिंतीवरचं बी हाय.”

“भिंतीचा सत्कार न्हाय ठिवल्याला. माझा ठिवलाय.”

तेव्हा प्रतिक्षानं खालचा कप्पा बंद केला. स्टूल पुढं ओढलं आणि नीट विचारलं, “कार्यक्रम किती वाजता हाय?”

“सांजच्याला सातला.”

“साडी कोणती नेसणार?”

“गडद जांभळं इरकल. बाही कोपरापतूर.”

“दागिना?”

“काय न्हाय.”

“मग सोप्पं हाय,” प्रतिक्षा म्हणाली आणि आतल्या कपाटाकडं गेली. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी हिशेबानं बोललं होतं. तिनं तीन डबे आणून मखमलीच्या तुकड्यावर ओळीनं ठेवले.

पहिलं मोठं होतं, कडेला तीन बटणं, आत आणखी तीन छोट्या तबकड्या. प्रयागबाईनं नुसतं बघून बाजूला सारलं. “ह्ये ट्रॅक्टरात बसवा.”

दुसरं बरं होतं. पण आकडे ठळक, रात्री चमकणारे, वर तारखेची खिडकी. प्रतिक्षा स्वतःच म्हणाली, “हे रोजचं झालं. संध्याकाळच्या कार्यक्रमाला तारीख नको. आज तारीख काय, हे तिथं कुणाला बघायचं असतंय?”

तिसऱ्याचं झाकण तिनं हळूच उघडलं. पातळ. इतकं पातळ की पदराखाली गेलं तर उंचवटा दिसू नये. तबकडी सायीच्या रंगाची, आकडे नाहीत, नुसत्या बारीक रेघा, जशी भाताची कुसळं. दोन काटे. पट्टा गडद तपकिरी, कातड्याचा.

प्रयागबाईनं डोळ्यांजवळ धरलं. “सेकंदाचा काटा न्हाय ह्याला?”

“न्हाय मावशी.”

“का?”

“असल्या कार्यक्रमात कुणी घाईत नसतं, असं मानत्यात. सारखं घड्याळ बघितलं तर पाहुण्याला वाटतं, हिला कंटाळा आला. म्हणून हे बघायचं घड्याळ न्हाय. हे दिसायचं घड्याळ.”

प्रयागबाईला ह्याचं मोठं नवल वाटलं. वीस वर्षं ती मालकाच्या नाकासमोर मनगट धरत आली होती. तिचं घड्याळ म्हणजे दाखवायचं, भांडायचं, सुट्टी मागायचं. आणि जगात असलंही घड्याळ होतं, की जे घातलेला माणूस कुणाकडं सुट्टी मागत नाही. त्याची वेळ त्याचीच असते, म्हणून त्याला बघावी लागत नाही.

“फवारणीत चालंल का?”

“न्हाय. पाणी लागू द्यायचं न्हाय, बागेत न्यायचं न्हाय.”

“मग ह्ये काम काय करतंय?”

“काम करत न्हाय मावशी.”

“झ्याक. समदं घर काम करतंय, एखादी वस्तू बसून खाईल.”

तिनं कानाला लावलं. आत बारीक टिकटिक होती, कोंबडीच्या पिलानं अंड्यातून चोच मारावी तशी. प्रतिक्षा म्हणाली, “चावीचं हाय. रोज सकाळी हे बटण पिरगाळायचं.”

आता वृषालीनं तोंड घातलं. “आत्या, रोज कोण चावी देत बसंल? सेलचं घ्या.”

“म्हशीला रोज वैरण टाकतीस का न्हाय? मग ह्याला दोन वळसं दिलं तर काय हात झिजतोय?”

पट्टा मनगटाभोवती आला, शेवटच्या भोकाच्या एक भोक आधी नीट बसला. प्रयागबाईनं हात सरळ केला, पदराच्या काठाशी धरला. जांभळ्यावर साय बरी दिसेल असा तिनं मनाशी अंदाज केला. द्राक्षाच्या मण्यावर पांढरी पूड चढते, तसं. एवढ्यात नागेशशेठ गल्ल्यावरून उठून आले.

“मावशी, थांबा. ह्ये जेन्ट्स हाय.”

“काय हाय?”

“गड्याचं. पुरुषाचं घड्याळ हाय.”

प्रयागबाईनं घड्याळ उलटं केलं, पाठीमागून बघितलं, पट्टा वर उचलला आणि खालून बघितलं. “कशावरनं? शेळी हाय व्हय, शेपूट उचलून बघाया? मला तर काय बी दिसंना.”

प्रतिक्षा काउंटरखाली वाकली. तिचे खांदे हलत होते. वृषालीनं पदर तोंडाला लावला. नागेशशेठ लाल झाले आणि म्हणाले, “तसं न्हाय मावशी, पेटीवर लिवलंय.”

“मग पेटी गड्याला द्या. घड्याळ मला द्या.”

किंमत ऐकून वृषालीनं पदर परत तोंडाला लावला. प्रयागबाईनं पैसे दिले. पैसे तिचे होते, कात्रीचे. त्यावर कुणाला काही बोलायचं कारण नव्हतं.

परतीच्या एसटीत वृषाली म्हणाली, “आत्या, संदेशरावाचा फोन आला हुता मला. दोनदा. म्हणत्यात, पैठणी नेसा, हातभर चुडा घाला आन नाव पुकारलं की या. सासूबाईंना सांगू नगा, ऐन टायमाला त्या काय बोलणार न्हाईत.”

“तू काय म्हणलीस?”

“म्या हां म्हणलं न्हाय. आन न्हाय बी म्हणलं न्हाय. मला भ्या वाटतंय त्या लोकांचं.”

“तुला जायाचंय का?”

“न्हाय.”

“मंग झालं,” प्रयागबाई म्हणाली. सुनेला तिनं काही पढवलं नाही आणि शपथही घातली नाही. भिणाऱ्याला ढकललं की तो भलत्याच बाजूला पडतो, हे तिला टोळीनं शिकवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी लखन, तिचा पोरगा, एमआयडीसीतल्या दूध कारखान्यातून पाळी संपवून परस्पर हॉलवर आला. बाकीची घरची मंडळी जीप करून निघाली. सावळारामनं नवी टोपी घातली होती. जीपमध्ये बसता बसता त्याचं लक्ष वृषालीकडं गेलं आणि तो ओरडला, “अगं, पैठणी कुठाय? ह्यो काय अवतार?”

वृषालीनं पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी गळ्याशी घट्ट पिना मारून बसवलेली.

“साडीला इस्त्री न्हवती, तात्या.”

“आन ओटी कशात घेशील? पदर कुठाय?” संदेशचा फोन तात्यालाही गेला होता तर.

“न्हाय की,” वृषाली म्हणाली आणि छकुलीला मांडीवर ओढून बाहेर बघायला लागली.

प्रयागबाईनं सुनेकडं एकदा बघितलं. भित्री म्हणत होती स्वतःला. भित्र्या माणसाचं डोकं कुठं चालतं ते बघा.

हॉल भरला होता. गोल टेबलं, पांढरी कापडं, वर दिव्यांची झुंबरं. सुटातली माणसं हळू आवाजात बोलत होती आणि बागवाले त्यांच्यापुढं नेहमीपेक्षा दीडपट हळू. प्रयागबाईला पुढच्या रांगेत बसवलं. तिनं डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला होता, उताणा नव्हे, पालथा, सगळ्यांना दिसेल असा. जांभळ्या पदराशेजारी सायीची तबकडी. शेजारच्या टेबलावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एकदाही तिनं घड्याळात बघितलं नाही.

चार बायकांचा सत्कार झाला. एक एक वर गेली, चंद्राबाईंनी कुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ पदरात घातले, मग काचेचं मानचिन्ह दिलं, टाळ्या झाल्या. चंद्राबाई जाडसर, घामेजल्या, भरजरी शालूत अवघडलेल्या. पाचवं नाव आलं.

संदेशनं माइकवर गळा साफ केला. “आणि कळसच्या, विरळणीतल्या जाणत्या, प्रयागबाई. त्यांच्या वतीनं सत्कार स्वीकारण्यासाठी त्यांच्या सूनबाई सौभाग्यवती वृषालीताई यांना मी विनंती करतो.”

सावळाराम कुजबुजला, “जा पोरी, जा. ओढणीत घे.”

वृषालीनं खुर्चीचे दोन्ही हात धरले. ती हलली नाही. संदेशनं परत नाव घेतलं. हॉलमध्ये माना वळायला लागल्या.

प्रयागबाई उठली. पायऱ्या चढली. संदेश तोंडावर हात धरून म्हणाला, “मावशी, आपलं ठरलं हुतं न्हवं?” माइक तोंडाजवळच होता, ते सगळ्या हॉलनं ऐकलं. आणि पुढचंही ऐकलं.

“तुझं ठरलं हुतं. माझं येगळं ठरलं हुतं.”

चंद्राबाईंच्या हातात ताट होतं. खण, नारळ, कुंकवाची कुयरी. त्यांनी प्रयागबाईच्या कपाळाकडं बघितलं, मग ताटाकडं, मग खाली बसलेल्या नवऱ्याकडं. त्या दुष्ट नव्हत्या. भ्यायल्या होत्या. हात पुढं गेला असता तर घरात काय बोलणी खावी लागली असती, आणि नसता गेला तर इथं काय दिसलं असतं, अशा दोन्ही बाजूंनी त्या अडकल्या.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “मी कशी भरू गं तुझी? रीत न्हाय.”

“भरू नगा की,” प्रयागबाई म्हणाली. तिचा आवाज चार एकरांच्या बागेत ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा, त्याला माइक लागत नव्हता. “सत्कार हाय का डोहाळजेवण? ह्या वयात ओटी भरून मला काय पोरं काढायचीत?”

स्टेजवर बसलेल्या चार सत्कारवाल्यांपैकी एकीला हसू फुटलं. रंगूबाई नावाची डाळिंबवाली, वजनदार बाई. ती अशी हसली की तिच्या पदरातला नारळ निसटला, गडगडत स्टेजवरून खाली गेला आणि एका सुटवाल्याच्या बुटाशी जाऊन थांबला. मग सगळंच सुटलं. मागची टेबलं हसली, बागवाले हसले, ज्यांना मराठी कळत नव्हतं ते शेजाऱ्याला “काय म्हणाली?” विचारून मग हसले. लखन मागं भिंतीशी उभा होता, त्यानं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सावळारामनं टोपी डोळ्यांवर ओढली.

प्रयागबाई एकटीच हसली नव्हती. तिनं ताटाच्या पलीकडं बोट केलं. “मला त्ये द्या. काचेचं. त्ये कामाचं हाय.”

चंद्राबाईंनी ताट संदेशच्या हातात कोंबलं, शालूला हात पुसले आणि मानचिन्ह उचलून दिलं. देताना त्यांचा श्वास सुटल्यासारखा झाला. संदेशला ताट सांभाळत माइक तिच्यापुढं धरावा लागला. “दोन शब्द, मावशी,” तो म्हणाला. म्हणायलाच हवं होतं, आधीच्या चौघींना म्हणाला होता.

“दोनात भागणार न्हाय,” प्रयागबाई म्हणाली. “आमच्या टोळीत बावीस बाया हायत. त्यातल्या नऊ माझ्यासारख्या, बिनकुंकवाच्या. तुमच्या बागा त्याच करत्यात. घड हातात घेताना कुठल्या मालकानं त्यांचं कपाळ बघितलं न्हाय. आन मणी बी कुणाचं कपाळ बघून फुगत न्हाय. पुढल्या साली त्यातल्या कुणाला हितं बोलवायचं असंल तर ह्ये ताट घरी ठिवून या. ताट आणायचंच असंल तर आमाला बोलवू नगा, हितं बी आन बागंत बी. छाटण्या म्हयन्यावर आल्यात. काय त्यो इचार करा.”

हे कुणी हसण्यावारी नेलं नाही. छाटणीनंतर विरळणीला टोळी मिळाली नाही तर काय होतं, ते हॉलमधल्या प्रत्येक बागवाल्याला ठाऊक होतं. पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही. एका सुटवाल्यानं वाजवली असं लखन नंतर सांगायचा, सावळाराम सांगायचा की चंद्राबाईंनी. टाळ्या झाल्या एवढं खरं. अध्यक्षांनी उशिरा का होईना, वाजवल्या.

मग फोटो. फोटोवाल्यानं पाचही बायकांना ओळीत उभं केलं, मधे चंद्राबाई. चौघींच्या पदरात ओट्या, प्रयागबाईच्या हातात नुसती काच. फोटोवाल्याला ते चित्र बरं दिसेना. त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, मान वाकडी केली आणि हातानं खूण केली.

“मावशी, तुमी जरा कडंला सरका. घड्याळाच्या काचंवर उजेड मारतोय. आन बाईसाहेब मधी पायजेत.”

प्रयागबाईनं डावा हात मानचिन्हावर पुढं आणून नीट ठेवला.

“बाईसाहेबांना बी पाय हायत,” ती म्हणाली. “त्या सरकत्याल.”

चंद्राबाई सरकल्या.